सतरा नंबरचा उंट

माझा भाऊ खोटं बोलतो, हे मला तो बोलायला लागला तेव्हापासून ठाऊक आहे. ओठाला गूळ चिकटलेला असताना "म्या न्हाई खाल्ला" म्हणणारं पोरगं ते. मला त्याचा कधी राग आला नाही. धाकटा भाऊ म्हटल्यावर एवढं चालायचंच. राग आला तो आत्ता, साठी ओलांडल्यावर, जालन्यातल्या एका मंडपात, पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली असताना. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले. नावं कुणाचीच लिहिणार नाही. भाऊ कसाही झाला तरी त्याला चव्हाट्यावर ओढायची माझी हौस नाही.

गाडीपासून सांगते. ऐंशीच्या दशकात आमच्या मामानं पुण्याहून एक मोटरसायकल आणली. शंभर सीसीची, म्हणजे ताकदीनं फार नाही, पण अंगानं भलतीच. सीट माझ्या कमरेच्या वर. खाली असायचा तो सायलेन्सर बाजूनं वर चढवलेला. पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर उंच, टायरला मोठाले दात, आणि पुढं नंबर लिहायची पांढरी पाटी. मामा तिकडं रॅलीत पळायचा. डांबरी रस्ता सोडून डोंगरातून, ओढ्यातून गाड्या हाणायच्या आणि घड्याळ लावून बघायचं कोण कधी पोचतो, असा तो खेळ. मग मामीला दिवस गेले, मामीनं मामाला दम दिला, आणि गाडी आमच्या शेतावर आली. आमचं गाव तीर्थपुरीच्या अलीकडं, गोदावरीच्या अंगाला. गावानं दोन दिवस गाडीभोवती फेऱ्या मारल्या आणि तिचं नाव उंट ठेवून दिलं.

वडलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना कापूस घेऊन परतूरला गेले की मामा आम्हा दोघांना नदीच्या वाळूत घेऊन जायचा. "वाळूत ब्रेक मारायचा न्हाई," तो सांगायचा. "उभं राह्याचं, वजन मागं टाकायचं, अन् गॅस सोडायचा न्हाई. भ्यालं की पडलं." भाऊ भ्यायचा. मी पडायचे ढीगभर, पण भ्यायचे नाही. माझे पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून दगडावर चढून मी सीटवर बसायचे. ती टू-स्ट्रोक गाडी. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागे. ऑइल कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर प्लग काळा होऊन गाडी बंद. मी दुधाच्या मापानं मिसळायचे, प्लग काढून घासायचे, चेनीला ग्रीस लावायचे. भावाचं काम एकच होतं, पारापाशी गाडी उभी करून तिच्यावर रेलून बसणं. ते मात्र तो झकास करायचा.

माझं बी.एड. चाललं होतं, तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, तेव्हा परतूरच्या काही हौशी पोरांनी मंडळ काढून रॅली ठरवली. परतूरहून निघायचं, पाणंदीनं, ओढ्या-नाल्यातून घनसावंगीच्या कडेनं, पुढं नदीची वाळू तुडवत तीर्थपुरीला पोचायचं. नानांना कुठून तरी कळलं. त्यांनी विचारलंसुद्धा नाही, भावाचं नाव देऊन मोकळे झाले. भावानं फॉर्मवर सही केली, सतरा नंबर मिळाला, आणि नानांनी अख्ख्या गावाला सांगून टाकलं, "आमचा गडी पळणार हाय, या बघाया." स्वतः आदल्या दिवशीच तीर्थपुरीला जाऊन बसले, शेवटच्या रेघेपाशी जागा धरायला.

आम्ही दोघं परतूरला आत्याकडं उतरलो. पेट्रोल-ऑइल मिसळायला म्हणून मला सोबत आणलं होतं. सकाळी उठून बघते तर भाऊ परसात ओकतोय. तोंड पांढरंफट्ट.

"आक्का, मला न्हाई जमत. हातपाय कापून राह्यले."

"मंग न्हाई म्हण की. जबरदस्ती हाय का?"

"नाना जीव घेतील माझा. सगळ्या गावाला सांगून बसलेत. आक्का, तू चालव. हेल्मेटात कुणाला कळतंय? म्या जीपनं म्होरं जातो, आपल्या शेतात कडब्याच्या गंजीमागं थांबतो. तिथून म्या नेतो."

आणि त्यानं वाकून माझे पाय धरले. एकोणीस वर्षांचा बाप्या, रडत होता.

त्यानं पाय धरले म्हणून मी तयार झाले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. थाप आहे ती. मलाच चालवायची होती. नाव त्याचं दिलं त्या दिवसापासून माझा जळफळाट चालला होता. त्यानं विचारायला आणि मी पँट चढवायला एकच गाठ पडली. त्याची पँट, मामाचं जाड जाकीट, हातमोजे, हेल्मेट. वेणी कॉलरमधून पाठीत खुपसली. आत्या न्हाणीघरात होती तेवढ्यात आम्ही बाहेर पडलो.

रेघेपाशी एका माणसानं नुसता छातीवरचा नंबर वाचला, म्हणाला, "सतरा! निघा!" आणि झेंडा खाली आला.

काय सांगू तुम्हाला. मी पुढं तीसेक वर्षं शाळेत गणित शिकवलं, लेक वाढवली, घर बांधलं, पण त्या सकाळइतकी मी कधीच आणि कुठंच खूश नव्हते. पाणंदीत गुडघाभर फुफाटा. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, पुढचं चाक एकीत अडकलं तर गाडी उलटीच व्हायची. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहून बघायच्या. ओढ्यातल्या गोट्यांवरून गाडी अशी उडाली की दात एकमेकांवर आपटले. घनसावंगीच्या कडेला प्रवासी जीपा थांबल्या होत्या, टपावरून एक माणूस ओरडला, "हाण भाऊ, हाण!" हेल्मेटात मी मोठ्यानं हसले. नदीत उतरले तर चारपाच गडी वाळूत रुतलेले, चाकं फिरतायत आणि गाड्या जागच्या जागी. मी उभी राहिले, वजन मागं टाकलं, आणि त्यांच्या कडेनं निघून गेले. एकदाही गॅस सोडला नाही.

मग वेणीनं घात केला. धक्क्यांनी ती कॉलरमधून निसटली आणि पाठीवर उघडी उडायला लागली. पुढं काठावर माणसं दिसत होती. बाभळीच्या झुडपाआड गाडी घातली, हेल्मेट काढलं, हातमोजे काढले, वेणी गुंडाळून आत कोंबायला गेले तर ती पुन्हा पुन्हा निसटून बाहेर यायची. मागं टाकलेल्यांपैकी एक गाडी आवाज करत पुढं गेली. मी तिथं रडकुंडीला आले होते. शेवटी पदर खोचतात तशी ती वेणी जाकिटात खोचली आणि निघाले. गंजीमागं भाऊ बनियनवर उभा होता. कपड्यांची अदलाबदल करण्यात आणखी वेळ गेला. शेवटचं कोसभर अंतर त्यानं नेलं. त्याचा दुसरा नंबर आला.

मी शेतातून चालत घरी पोचले. आईनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "कानातली धूळ धू आधी." बस, एवढंच. पुढं मरेपर्यंत तिनं तो विषय काढला नाही.

दुपारी भाऊ पेढ्याचा पुडा घेऊन आला तो धास्तावूनच. संध्याकाळी नाना तीर्थपुरीहून परतले की सगळ्यांसमोर विचारणार, कुठून गेलास, कसा गेलास. तेव्हा गोठ्यामागं बसवून मी त्याला सगळी वाट शिकवली. पाणंद, भेगा, ओढ्यातले गोटे, टपावरचा माणूस, रुतलेले गडी. दोनदा म्हणून घेतलं. चुकलं तिथं दरडावलं. रात्री जेवायच्या आधी ओसरीवर त्यानं ते असं म्हणून दाखवलं की नानांचा ऊर भरून आला. मी दाराआड उभी होते. आणि ऐका माझं शहाणपण: मला अभिमान वाटला. आपलं पोरगं पाठ करून बरोबर म्हणतंय, याचा.

माझं लग्न झालं, मी परतूरला आले, शाळेत लागले. उंट भावाच्या गोठ्यात. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की मी त्याला हळूच विचारायचे, "सांगणार कधी?" तो म्हणायचा, "नाना हायेत तोवर न्हाई गं." बरोबरच होतं ते. मग नाना गेले. मग तो म्हणायला लागला, "आता कुणाला काय पडलंय त्याचं?" पण लोकांना पडलेलं होतं. गावात तो रॅलीवाला म्हणूनच ओळखला जायचा. पोरांच्या सोयरिकीत ही गोष्ट सांगितली जायची, शाळेच्या बक्षीस समारंभाला त्याला बोलवायचे. एकदा माझ्याच वर्गातली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या भावानं नदीतून गाडी पळवलती म्हणे?" मी फळ्याकडं तोंड करून म्हटलं, "हो." आणि त्रैराशिक मांडायला लागले.

गेल्या दिवाळीच्या आधी जुन्या गाड्यांचा नाद असलेली जालन्याची काही मंडळी त्याच्याकडं पोचली. त्यांनी उंट नीट करायला घेतला. गाड्यांचं प्रदर्शन भरवायचं आणि त्यात जुन्या रॅलीवाल्याचा सत्कार करायचा, असं ठरलं. भाऊबीजेला तो माझ्या घरी पाटावर बसला होता. मी ओवाळलं, आणि त्यानं ओवाळणी टाकायला खिशात हात घातला तसा मी ताटावर हात आडवा धरला.

"पैसे नको टाकू. यंदा मला दुसरं पाहिजे."

"काय?"

"मंडपात, माईकवर सांग. लांबलचक न्हाई. त्या दिवशी आक्का चालवत होती, एवढंच."

त्यानं एकदा निरांजनाकडं पाहिलं. मग ताटाला हात लावून म्हणाला, "दिव्याची शपथ आक्का, सांगतो." बहिणीच्या ताटातल्या दिव्याची शपथ आमच्याकडं कुणी मोडत नाही. पाणी देतो सांगून न देणारे, लग्न ठरवून मोडणारे, सगळे पाहिलेत. पण ही नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून रडले. मला काय पाहिजे होतं? हार नको, श्रीफळ नको. माझी लेक जालन्यात बँकेत आहे. तिच्या लेखी आई म्हणजे पाढे आणि पोळ्या. मी डोळे मिटायच्या आत तिनं एकदा ऐकावं, की आई वाऱ्यासारखी गेली होती. आणि ते तिनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं. स्वतःची बढाई स्वतः कोण मारणार?

कार्यक्रमाच्या दिवशी मी ठेवणीतली पैठणी नेसले. लेकीला म्हटलं, "चल, मामा आज काहीतरी सांगणार हाय." तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मंडपात उंट उभा होता, टाकी नव्यानं रंगवलेली, पुढच्या पाटीवर सतरा. मी हँडलला हात लावला तसा एक पोऱ्या म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय." मी झाले बाजूला.

भाऊ बोलायला उभा राहिला. मी लेकीचा हात धरला. त्यानं मामापासून सुरुवात केली, नानांपाशी आला, परतूरची सकाळ आली. आता सांगेल, म्हणून मी खुर्चीच्या कडेला सरकले. आणि तो म्हणाला, "झेंडा खाली आला अन् म्या निघालो."

पुढं सगळं माझं. भेगा माझ्या, गोटे माझे, "हाण भाऊ, हाण" माझं. शब्दसुद्धा तेच, गोठ्यामागं मी घोकून घेतलेले. आणि मग त्यानं आवाज खाली आणला.

"नदीतून वर निघालो, तर समोर शेळ्यांचा कळप. मधोमध एक काळी शेळी, गाभण. हलंना. म्हटलं, रॅली गेली खड्ड्यात, मुक्या जिवाला धक्का लावायचा न्हाई. गाडी बंद केली. ती शेळी सावकाश पार होईस्तोवर उभा राह्यलो. म्हणून दुसरा आलो. पण वाईट न्हाई वाटलं, खरं सांगतो."

मंडपानं टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या शेजारच्या बाईनं डोळे पुसले.

अहो, शेळ्या नव्हत्या तिथं! एकही नव्हती. गेलेला वेळ कुठं गेला, असं नाना विचारणार, वेणीचं तर सांगता येत नव्हतं, म्हणून गोठ्यामागं बसून त्या शेळ्या मीच रचल्या होत्या. नानांचा शेळ्यांवर जीव, म्हणून एक गाभण घातली. आणि हा बाप्या माईकवर त्या शेळीसाठी गहिवरत होता.

शेवटी तो म्हणाला, "माझी थोरली बहीण समोर बसलीय. त्या दिवशी ती बिचारी दिवसभर देवापुढं बसून होती, माझ्यासाठी." सगळे माझ्याकडं वळून टाळ्या वाजवायला लागले. लेकीनं माझा हात दाबला. मी हात जोडले. काय करणार होते? उठून ओरडणार होते?

खाली उतरून तो सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. मी त्याचा दंड धरून त्याला मंडपाच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

"दिव्याची शपथ घेतलीस ना रे तू?"

"आक्का, समोर नातू बसला होता. त्याच्यासमोर कसं सांगू, की आज्यानं पँट काढून बहिणीला दिली?"

"अन् माझी लेक बसली होती, ती?"

"तुला काय कमी हाय गं? तू मॅडम. बाजारात पोरं तुझ्या पाया पडतात. माझ्याकडं काय हाय? ना नोकरी, ना शिक्षण. ही एकच गोष्ट हाय माझ्याकडं." त्यानं गळ्यातला हार चाचपला. "ती बी तू घेऊन जाती?"

"माझी हाय ती! घेऊन जाती म्हणजे? चोराच्या उलट्या बोंबा!" मी इतक्या मोठ्यानं बोलले की चहावाला वळून बघायला लागला. भाऊ मान खाली घालून उभा. मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी संताप आला. पुन्हा माझ्या पाटावर बसू नको, असं त्याला सांगितलं आणि निघाले.

लेकीच्या घरी आलो. तिनं चहा ठेवला. कप हातात देत तिनं विचारलं, "आई, मामा काय सांगणार होता? नेहमीचंच तर सांगितलं."

मग मी सांगितलं. परसातल्या ओकारीपासून कडब्याच्या गंजीपर्यंत सगळं. वेणीचं सांगितलं, झुडपाचं सांगितलं. बोलता बोलता मी उभीच राहिले, हँडल धरल्यासारखे हात पुढं करून. ती एकटक माझ्याकडं बघत ऐकत होती. मला वाटलं, लागलं हिच्या काळजाला. भाऊ गेला खड्ड्यात, माझं काम झालं.

ती कप विसळायला उठली. माझ्याकडं पाठ करून, अगदी मायेनं म्हणाली, "पण आई, त्या काळ्या शेळीचं मामानं किती बारकाईनं सांगितलं. असं न घडलेलं कुणाला सांगता येईल का?"

मी पुढं धरलेले हात खाली घेतले. तेव्हा तिला वाटलं, मला वाईट वाटलं. ती आली, हात पुसले, माझ्या खांद्यावर ठेवले.

"तू पण चालवली असशील गं कधीतरी," ती म्हणाली. "नाही कोण म्हणतंय?"